लॅमिनेशनमधला रिपोर्ट

९ जानेवारी २०२५, जळगाव

नवी डायरी आजपासून. पहिले आठ दिवस कोरे गेले. लिहिण्यासारखं काही नव्हतं आणि उगाच पानं भरायची सवय मला नाही. छत्तीस वर्षं असोद्याच्या शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी निरीक्षण आणि नोंद सुटत नाही.

आज नवल आणि पुनमला घेऊन टेस्ट ट्यूबच्या दवाखान्यात गेले. 'घेऊन' असंच लिहिते, कारण मी नसते तर माझा मुलगा आणि सून अजून सोफ्यावरच बसली असती. नवल अडतीसचा झाला. पुनमशी लग्न होऊन पाच वर्षं होतील. वाट बघायलाही काही सीमा असते.

डॉक्टर मॅडमनी काही विचारायच्या आत मी पर्समधून नवलचा रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला. २०१७ सालचा आहे. पुरुषबीजांची संख्या, हालचाल, आकार, सगळं नॉर्मल. मी तेव्हाच तो लॅमिनेट करून आणला होता, कारण असा कागद दहा हातांतून जातो आणि हातांना काय काय लागलेलं असतं. नरडाण्याला पंचांच्या बैठकीतही तोच फिरला होता. नवलची पहिली बायको नूतन, तिच्या माहेरी. थोरले पंच हिलालनानांनी चष्मा लावून तो वाचला, शेजारच्याला दिला, आणि मूल न होण्याचा दोष नूतनचाच ठरला. फारकत झाली.

मॅडमनी नवी तपासणी करायला लावली. तीही नॉर्मल आली. येणारच होती.

मग फॉर्म आला. दोन पद्धती. एकीत काचेच्या बशीत स्त्रीबीजं आणि पुरुषबीजं एकत्र ठेवायची, पुढचं त्यांचं ती बघतात. दुसरीत एकेक पुरुषबीज सुईने उचलून थेट स्त्रीबीजात सोडायचं. तिला इक्सी म्हणतात. मॅडम म्हणाल्या, निम्मी अशी करू, निम्मी तशी. तोवर नवल एकदम म्हणाला, "सगळी सुईनेच करा."

मी म्हटलं, "काही कमी असेल त्याने सुई वापरावी. रिपोर्ट समोर आहे ना? सगळी बशीतच ठेवा."

नवलने मान खाली घातली आणि सही केली. पुनमने त्याच्याखाली केली. पोरगा कधीकधी फार घाबरट वागतो. बापावर गेलाय.

१४ जानेवारी

संक्रांत. पुनमला रोज पोटात इंजेक्शन आहे. मी स्वतः देते. हात हलका आहे माझा. पुनम डोळे मिटून घेते, हूं की चूं करत नाही. पहूरची पोर सोशिक आहे. नूतनला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं.

शेजारच्या कुंदाबाई तिळगूळ घेऊन आल्या. त्यांची बहीण धुळ्यात असते. म्हणाल्या, "तुमच्या पहिल्या सुनेला मुलगी आहे म्हणे, चार वर्षांची. भाजीबाजारात दिसली."

मी म्हटलं, दत्तक घेतली असेल. आजकाल सर्रास घेतात. कुंदाबाई वड्या निवडत राहिल्या.

नूतनचा विषय निघाला की मला २०१८ आठवतं. नवलचं कंपनीचं ट्रेनिंग होतं, नाशिकला, वीस दिवस. ही पण हट्टाने बरोबर गेली. परत आली ती पोट धरून, डोळे सुजलेले. विचारलं तर म्हणाली, पाणी बदललं. नवलही त्या महिन्यात जेवणावर चिडायचा. तेव्हाच मी ओळखलं होतं की या दोघांचं काही जुळत नाही.

२१ जानेवारी

अकरा स्त्रीबीजं निघाली! मॅडम म्हणाल्या, उत्तम पीक आहे. पुनम गुंगीत होती, तिच्या कपाळावरून हात फिरवला.

आणि दवाखान्यात कोण भेटावं? वृषाली! असोद्याची, माझी विद्यार्थिनी. दहावीला विज्ञानात शाळेत पहिली. आता ती इथे प्रयोगशाळा सांभाळते, बशीतलं सगळं काम तिच्याच हाती. "बाई!" म्हणून पाया पडली. केवढं बरं वाटलं. घरचंच माणूस आत आहे म्हटल्यावर काळजीच मिटली.

उद्या सकाळी कळेल किती फळली. मी सात धरली आहेत.

२२ जानेवारी

शून्य.

अकरापैकी एकही नाही.

मॅडम फोनवर म्हणाल्या तेव्हा मी परत विचारलं, "किती?" त्यांनी परत तेच सांगितलं. हातातला पेला खाली पडला. स्टीलचा, म्हणून वाचला.

दवाखान्यात गेलो. तोंडातून निघून गेलं की, पुनमच्या बीजांतच काही खोट असणार. पुनम समोर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या बाळांच्या फोटोंकडे पाहत राहिली. वृषाली मात्र म्हणाली, "बाई, जरा आत या. तुम्ही बघाच."

तिने पडद्यावर एक स्त्रीबीज दाखवलं. गोल, बाहेर जाड कवच. कवच आणि बीज यांच्यामध्ये जी फट असते, तिथे पुरुषबीजं होती. एक नाही, दोन नाही, मी नऊ मोजली. कवच भेदून आत आलेली, बीजाच्या अंगाला खेटलेली, शेपट्या हलताहेत. पण आत एकही नाही.

"अकराही बीजांत असंच आहे," वृषाली म्हणाली. "पोहोचलीत सगळी. मिसळत नाहीयेत."

मी विचारलं, "का?" ती म्हणाली, "मॅडमशी बोलते." माझीच विद्यार्थिनी, आणि उत्तर देताना माझ्याकडे बघत नव्हती.

२४ जानेवारी

नवल दोन दिवस जेवला नाही. मी म्हटलं, अरे तुझा काय दोष, तू कशाला उपाशी राहतोस? तो ताटावरून उठला आणि गाडी काढून निघून गेला. पुनमने त्याचं ताट झाकून ठेवलं.

कुंदाबाई येऊन गेल्या. "तुमच्या नशिबी सुनाच अशा," म्हणाल्या. मी काही बोलले नाही. म्हणजे, नाही असं म्हटलं नाही. पुनम स्वयंपाकघरातच होती.

१ फेब्रुवारी

आज वृषालीने समजावून सांगितलं. वही घेऊनच गेले होते.

पुरुषबीजाच्या डोक्यावर एक प्रथिन असतं. त्याचं नाव इझुमो. जपानमध्ये लग्न जुळवणारं एक देवस्थान आहे, त्याच्यावरून ठेवलेलं. स्त्रीबीजाच्या अंगावर दुसरं असतं, जुनो. ती रोमन लोकांची लग्नाची देवी. ही दोन एकमेकांना धरतात आणि मग दोन पेशींची एक होते. इझुमोच्या जोडीला आणखी दोन प्रथिनं उभी असतात, हे तर अगदी अलीकडे कळलं म्हणे. यातलं एक जरी बिघडलं तरी पुरुषबीज दारापर्यंत जातं आणि तिथेच राहतं. शास्त्रज्ञांनाही शेवटी देवच लागले, मी म्हटलं. वृषाली हसली नाही.

"मग रिपोर्ट नॉर्मल कसा?"

"बाई, त्या रिपोर्टमध्ये मोजतात. किती आहेत, किती पळतात, दिसतात कसे. धरता येतं का, हे त्यात कुणी बघतच नाही." मग म्हणाली, "हा धडा तुम्ही आम्हाला घरी वाचायला सांगितला होता."

खरं आहे. प्रजननाचा धडा मी दरवर्षी घरी वाचायला सांगायचे. मुलं-मुली एका वर्गात, कशाला उगाच फिदीफिदी.

जनुकांच्या तपासणीसाठी नवलचं रक्त घेतलं, पुण्याला पाठवणार. नवल म्हणाला, "गरज आहे का? पुढच्या वेळी सुईने करा म्हणजे झालं." मी म्हटलं, गरज आहे. डाग लागलाय तो पुसला गेलाच पाहिजे. पुनम पहिल्यांदाच बोलली, "हो, करूनच टाका." तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

२४ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. इझुमोचं जे जनुक, त्याच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात. एक आईची, एक वडिलांची. नवलच्या दोन्ही बिघडलेल्या आहेत. एक चांगली असती तरी भागलं असतं.

मॅडमनी अगदी सहज विचारलं, "आई-वडील नात्यातले आहेत का?"

आयुष्यभर हे मी मिरवून सांगितलं. माझे सासरे-सासू परके नव्हतेच. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. आतेभावाला दिली मला. आत्या म्हणायची, घरातलं सोनं घरात. आज मात्र मान खाली घातली. म्हणाले, "हो. हे माझे आतेभाऊ."

मॅडमनी कागदावर रेघा काढून दाखवलं. माझे वडील आणि आत्या, दोघांना एकाच घरातून तो बिघाड मिळाला असणार. एक माझ्याकडे आला, एक यांच्याकडे. आम्हाला काही झालं नाही. नवलच्या वाट्याला दोन्ही गेले. यात कुणाचा गुन्हा नाही, म्हणाल्या. सुईने केलं तर मूल होऊ शकतं, तिथे इझुमोची गरजच लागत नाही. त्या दिवशी निम्मी जरी सुईने केली असती...

पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला ऐकू आलं.

पुनमची अकरा. माझ्या एका वाक्यात गेली.

आणि नूतन? रिक्षात बसल्यावर तिचं नाव डोक्यात आलं. आठ वर्षं हा प्लास्टिकचा कागद मी पर्समध्ये घेऊन फिरले.

२६ फेब्रुवारी

देवघरासमोर बसून रडत होते. हे आले, बाजूला बसले. म्हणाले, "अर्धं माझं आहे ना? मग एकटी का रडतेस?" चाळीस वर्षांत एवढं मोठं वाक्य यांनी कधी बोललेलं आठवत नाही.

ठरवलं. नरडाण्याला जायचं, नवा रिपोर्ट नूतनच्या हातात द्यायचा, चूक कबूल करायची. चूक समजल्यावर फळ्यावर लिहिलेलं मी नेहमी पुसून नव्याने लिहिलंय.

नवलला सांगितलं तर तो केवढ्याने ओरडला! "जाऊ नकोस आई! झालं ते झालं, तिचा संसार सुरू आहे." मी म्हटलं, अरे आपल्याला तेव्हा माहीत नव्हतं, एवढंच तर सांगायचंय. तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. किती कोवळ्या मनाचा आहे.

२ मार्च, रविवार

नरडाण्याला जाऊन आले. एकटीच गेले.

नूतनची आई धुरपदाबाई दारातच गहू निवडत होती. मला बघून उठली नाही. "या अक्का. आते काय लेवानं ऱ्हायनं?" आता काय न्यायचं राहिलंय, असं विचारत होती.

मी ओट्यावर बसले. आतून एक चिमुरडी पळत आली. नूतनचंच कपाळ, नूतनचेच कान. मी बघतच राहिले. धुरपदाबाई म्हणाली, "पोर तिना पोटनी शे. धुयाले झायी. इचारी ल्या दवाखानामा."

धुळ्याच्या दवाखान्यात मी काय विचारणार होते?

नूतन बाहेर आली. रविवारची माहेरी आलेली, नरडाण्याच्या एमआयडीसीत नोकरी करते. जरा भरली आहे. "बसा बाई," म्हणाली. पाच वर्षं जी मला आई म्हणत होती, ती बाई म्हणाली. ते तिचं चुकलं असं नाही म्हणता येणार.

मी नवा रिपोर्ट पुढे केला. पाठ करून आलेलं बोलायला लागले, की आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, विज्ञान तेव्हा तिथवर पोहोचलं नव्हतं. तिने कागद घेतला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"नवलने तुम्हाला अजून सांगितलं नाही?"

"काय?"

"बाई, आम्ही नाशिकला ट्रेनिंगला गेलो नव्हतो. टेस्ट ट्यूबसाठीच गेलो होतो. माझी आठ बीजं काढली होती. एकही फळलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांची बीजं आत शिरत नाहीत, बाईमध्ये दोष नाही, पुढच्या वेळी सुईने करू. एवढंच करायचं होतं."

मला ऐकू येत होतं आणि समजत नव्हतं. मी विचारलं, "मग केलं का नाही?"

"पैसे तुमच्याकडून मागावे लागले असते. मग तुम्ही विचारलं असतं, सुई कशाला. तो म्हणायचा, आईने रिपोर्ट लॅमिनेट केलाय गं, तिला मी काय तोंडाने सांगू? मी म्हटलं, मी सांगते. तर म्हणाला, तू सांगितलंस तर मी रेल्वेखाली जाईन." ती मुलीच्या केसांची वेणी घालत होती, हात थांबले नाहीत. "बैठकीच्या दिवशी मला वाटलं होतं, तो उठेल. तुम्ही तो कागद फिरवत होतात तेव्हा मी त्याच्याचकडे बघत होते. तो चपलांकडे बघत होता."

मी नंतर पाणी प्यायले की नाही आठवत नाही. निघताना तिने विचारलं, "तो जुना कागद आहे का अजून?"

पर्समध्येच होता. मी नाही म्हणाले. माझ्या वयाची बाई, खोटं बोलले.

३ मार्च

नवलला समोर बसवलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि जानेवारीत, फॉर्म भरताना?"

"मी म्हटलं होतं ना, सगळी सुईने करा."

म्हटलं होतं. माझ्याच हाताने ९ जानेवारीच्या पानावर लिहून ठेवलंय, आणि खाली लिहिलंय, घाबरट आहे. मी आज जानेवारीपासूनची सगळी पानं वाचली. सगळं लिहिलेलं आहे. नाशिक, सुजलेले डोळे, उपाशी राहणं. निरीक्षण म्हणे! छत्तीस वर्षं शिकवलं मी, आणि घरात डोळ्यांसमोर असलेलं मला दिसलं नाही. मला माझाच भयंकर राग येतोय आणि नवलचाही. पोटच्या पोराचा असा राग येतो हे ठाऊक नव्हतं.

मागे वळले तर पुनम दारात उभी. तिने सगळं ऐकलं होतं. रडली नाही. "म्हणजे मलाही बसवलं असतं पंचांसमोर," एवढंच म्हणाली आणि कपाटावरची बॅग काढली.

९ मार्च

पुनम पहूरला माहेरी आहे. सहा दिवस झाले. आज फोन उचलला. मी माफी मागितली. ती म्हणाली, "माझी मागू नका एकटीची. ज्यांच्यासमोर नूतनताईंना पाठवलं, त्यांच्यासमोर बोला. त्यांना बोलू द्या. मी येऊन ऐकेन. मग सांगते, मी या घरात आहे की नाही."

'त्यांना' म्हणजे नवलला. नवल म्हणाला, मला जमणार नाही. मी पहिल्यांदाच त्याला सांगितलं नाही की काय कर. फार अवघड गेलं.

१६ मार्च, रविवार

सगळं लिहून ठेवते.

नरडाण्याला, त्याच ओट्यावर. हिलालनाना आणि पंचांपैकी तिघं. एक वारले. नूतन, तिची आई. पुनम वडिलांबरोबर आली होती, बायकांत बसली. नवल उठेल की पुन्हा चपलांकडे बघेल, मला सांगता येत नव्हतं.

मी उभी राहिले. नवा रिपोर्ट वाचायला घेतला, तर हिलालनाना म्हणाले, "प्रमिलाबाई, झायी गयी ती गोट. बठ्ठासले आपापला संसार शे. आते उकरीसन काय फायदा?"

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला. नवल उभा होता. "नाना, नूतनमध्ये काही दोष नव्हता. माझ्यात आहे. मला बैठकीच्या आधीपासून माहीत होतं. मी बोललो नाही." त्याचा आवाज चिरकला. "आईला घाबरलो."

सगळे माझ्याकडे वळले. मला वाटलं होतं, तो बोलला की मला हायसं वाटेल. वाटलं नाही. अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं झालं. माझा मुलगा एका निरपराध पोरीचं घर मोडू शकला, पण मला एक वाक्य सांगू शकला नाही, एवढी त्याला माझी भीती होती. जनुकातला बिघाड कुणाचाच गुन्हा नाही, मॅडम म्हणाल्या होत्या. हा मात्र माझाच होता.

पर्समधून जुना रिपोर्ट काढला. "नूतन, त्या दिवशी मी खोटं बोलले. हा इथेच होता." आणि सगळ्यांसमोर फाडायला घेतला.

फाटेना. दोन्ही हातांनी जोर लावला, पीळ दिला. चांगल्यातलं जाड लॅमिनेशन करून घेतलं होतं मी. नुसता वाकायचा आणि परत सरळ व्हायचा. कुणी हसलं नाही. घाम आला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कागद तसाच. नॉर्मल, नॉर्मल, नॉर्मल.

धुरपदाबाई उठून आत गेली आणि कात्री घेऊन आली. माझ्या हातात दिली नाही. लेकीच्या हातात दिली.

नूतनने माझ्या हातातून रिपोर्ट घेतला, शांतपणे मधोमध कापला. मग कात्री पुनमपुढे धरली. पुनमने उरलेले दोन तुकडे कापले.

निघताना पुनम आमच्या गाडीत बसली नाही. नवल काच खाली करून बसला होता, तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. ती माझ्या बाजूला आली. "दवाखान्यात मी पहूरहून थेट जाईन. फॉर्म मी भरणार, खूण कुठे करायची ते मी ठरवणार. हे येतील माझ्याबरोबर. तुम्ही यायचं नाही."

मी मान हलवली.

"घरी बसून राहा, आई," ती म्हणाली. "झालं की फोन करते."

पूर्ण रस्ताभर मी तेवढंच मनात म्हणत आले. आई म्हणाली.